तमिळवर खापर नको, आधी कान तपासा

‘आम्ही मूळचे विट्याजवळच्या एका गावचे. मालकांचं कोईमतूरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं दुकान आहे, त्याच्याच वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. मुलगा तीन वर्षं दोन महिन्यांचा आहे, पण अजून नीट बोलत नाही. पाण्याला तण्णी म्हणतो, दुधाला पाल, नको असलं की वेंडा. आई, पापा, गाडी, काऊ, बाय असे सगळे धरून तीसेक शब्द होतील. दोन शब्द जोडत नाही. सांगितलेलं कळतं, चप्पल आण म्हटलं की आणतो. तिकडच्या प्ले स्कूलच्या मॅडम म्हणतात, घरात फक्त इंग्लिश बोला. मालक म्हणतात, मराठी बंद करू, पोराचा गोंधळ होतोय. सासूबाई म्हणतात, वर्षभर माझ्याकडं ठेव, इथं आपोआप बोलेल, तुझा नवराही चौथ्या वर्षी बोलला. सुट्टीला गावी आलोय, जूनमध्ये परत जायचं आहे. काय करू?’
– एक आई, खानापूर तालुका

ताई,

तुम्हाला तिघांनी तीन वेगळे सल्ले दिलेत, पण तिघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे. भाषा जास्त झाल्या म्हणून पोर अडकलंय, असं सगळ्यांनाच वाटतंय. मॅडमना त्यातली मराठी जास्त वाटते, तुमच्या मालकांनाही मराठीच, आणि सासूबाईंना तमिळ. मला ते मुळातच पटत नाही. मी सांगलीत वाचा उपचाराचं काम करते आणि असं पोर समोर आलं की घरात भाषा किती हा प्रश्न माझ्या यादीत बराच खाली असतो. वर असतो कान.

आधी स्पष्टच सांगते, म्हणजे बाकीचं वाचताना जीव टांगणीला राहणार नाही. साधारण दोन वर्षांचं मूल पन्नासेक शब्द बोलतं आणि दोन शब्द जोडू लागतं: ‘पापा गेले’, ‘अजून दे’. तीन वर्षांचं मूल तीन-चार शब्दांची वाक्यं बोलतं आणि परक्या माणसालाही त्याचं बरंचसं बोलणं कळतं. तुमचा मुलगा तीन वर्षं पूर्ण करून पुढं गेलाय, आणि सगळ्या भाषा मिळून तीस शब्दांवर आहे. हा उशीर आहे. मुलगे मुलींपेक्षा जरा मागं असतात हे खरं, पण ते अंतर थोडकं असतं, एवढं नसतं. म्हणून ‘बोलेल हळूहळू’ हे मी तुम्हाला सांगणार नाही.

पण हा उशीर तमिळनं केलेला नाही. तुम्ही शब्द मोजताना तण्णीही धरलंत आणि गाडीही, ते अगदी बरोबर केलंत. पुष्कळ घरांत फक्त मराठी शब्द मोजतात आणि मग ‘याला पाच शब्द येतात’ म्हणून घाबरतात. १९९३ मध्ये बार्बरा पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मायामी शहरात स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही ऐकत वाढणाऱ्या लहानग्यांचे शब्द मोजले होते. एकेका भाषेत ती मुलं कमी दिसायची. दोन्ही भाषांतले शब्द एकत्र धरले की एकभाषी मुलांच्या बरोबरीला यायची. दोन भाषांत वाढणारं निरोगी मूल एकूण हिशेबात मागं पडत नाही. तुमचा मुलगा सगळ्या भाषा एकत्र धरूनही मागं आहे. म्हणजे कारण दुसरीकडं शोधायला हवं.

आणि पुरावा शोधायला मायामीपर्यंत जायलाच नको. खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव, कवठेमहांकाळ, पलीकडं साताऱ्यातले माण-खटाव, या दुष्काळी पट्ट्यातून दोन-तीन पिढ्या माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली. मे महिन्यात विट्याच्या बाजारात किंवा खरसुंडीच्या यात्रेत जरा कान देऊन फिरा. आजीशी मराठी, भावाशी मल्याळम आणि बापाच्या फोनवर हिंदी बोलणारी आठ वर्षांची पोरगी तुम्हाला हमखास भेटेल. तिला कुणी शिकवायला बसलं नव्हतं. कानपूर-लखनौकडं वाढलेली आपली पोरं ‘शाला’, ‘काला’ म्हणतात, कारण तिकडच्या बोलण्यात ळ कानावर पडत नाही. तमिळनाडूतल्या पोरांना ळ सहज येतो, पण ‘घर’चं ‘गर’ होतं. मराठी फक्त आईकडूनच ऐकणारा मुलगा ‘मी जाते’ म्हणतो आणि सगळं घर हसतं. (आपल्या भागात पोरीबाळी सर्रास ‘मी येतो’ म्हणतात, त्याला मात्र कुणी हसत नाही.) हे सगळं उच्चाराचं आणि सवयीचं आहे, वयानं निवळतं. एका वाक्यात दोन भाषा आल्या तरी तो गोंधळ नसतो. जो शब्द आधी सापडला तो पोरानं वापरला, एवढंच.

प्ले स्कूलच्या मॅडमबद्दल एक गोष्ट. नवी भाषा कानावर पडू लागली की काही मुलं शाळेत कित्येक आठवडे, कधी काही महिने गप्प बसतात. ऐकत असतात, साठवत असतात. असं मूल घरी मात्र आपल्या भाषेत बडबडत असतं. तुमचा मुलगा घरीही गप्प आहे, त्यामुळं त्याला हे कारण लागू होत नाही. उद्या कुणी ‘शाळेत रुळला की बोलेल’ म्हणालं, तर हे लक्षात ठेवा.

आता कान. ‘ऐकू तर येतं त्याला, टाळी वाजवली की वळतो’, असं प्रत्येक आई सांगते. टाळी मोठी असते. काही मुलांना मोठे, जाड आवाज ऐकू येतात, पण स, श, त, क यांसारखे बारीक आवाज निसटतात. काहींच्या कानाच्या पडद्यामागं सर्दीनंतर पाणी साठून राहतं आणि त्यांना सगळं कानात बोळे घातल्यासारखं ऐकू येतं. त्यात खाली भट्टीचा ब्लोअर चालू असेल, तर मग विचारायलाच नको. चप्पल आणतो हे चांगलंच आहे, पण चपलेकडं बोट दाखवून सांगता की न दाखवता, हे एकदा पाहा. त्याच्या पाठीमागं उभं राहून, हात न हलवता, नेहमीच्या आवाजात सांगून बघा. अर्थात ही घरची चाचणी तपासणीची जागा घेत नाही.

जूनला जायच्या आधी तुमच्याकडं काही आठवडे आहेत, ते वाया घालवू नका. विट्याहून सांगली-मिरज एका दिवसात जाऊन येण्याजोगं आहे, आणि मिरजेला डॉक्टरांची वानवा कधीच नव्हती. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना आधी दाखवा. मग श्रवणतज्ज्ञाकडं टिंपॅनोमेट्री, म्हणजे पडद्यामागं पाणी आहे का ते बघण्याची तपासणी, आणि ओएई, म्हणजे आतला कान आवाजाला साद देतो का ते बघण्याची तपासणी, करून घ्या. गरज वाटली तर ते बेरा सांगतील, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघण्याची तपासणी. बेरा मूल झोपलेलं असताना करतात, म्हणून त्या दिवशी सकाळी लवकर उठवा आणि एसटीत झोपू देऊ नका. यातल्या एकाही तपासणीत दुखत नाही. खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून देशभर चालू आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे जन्मजात दोष, आजार आणि वाढीतला उशीर हुडकणं हेच त्याचं काम. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. गावच्या अंगणवाडीताईंना नाहीतर आशाताईंना गाठा, त्या पुढं कुठं पाठवायचं ते सांगतील.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण पत्र वाचताना मी तिथंच थांबले. दुकान खाली, घर वर. गलाईच्या कामात काही ठिकाणी शिसं वापरतात, खास करून झाडलोटीतून, मातीतून चांदी काढताना. शिशाचा धूर आणि बारीक धूळ कपड्यांवरून, हातांवरून, चपलांवरून वर येते. लहान मुलाच्या मेंदूच्या वाढीला शिसं बाधतं, बोलण्यालाही आणि शिकण्यालाही. तुमच्याकडं शिसं वापरतात की नाही हे मालकांना सरळ विचारा. वापरत असतील तर बालरोगतज्ज्ञांना सांगून मुलाच्या रक्तातलं शिशाचं प्रमाण तपासून घ्या. तुम्हाला पुन्हा दिवस गेले असतील तर स्वतःचंही तपासा. एरवीसुद्धा भट्टीवरचे कपडे वेगळे धुवायचे, मालकांनी हातपाय धुऊन कपडे बदलल्याशिवाय पोराला उचलायचं नाही, आणि पोराला खाली खेळायला सोडायचं नाही. ॲसिडच्या बरण्या असलेल्या जागी तीन वर्षांच्या पोराचं काय काम, हा वेगळाच विषय आहे.

तो बोट दाखवतो का, नावानं हाक मारली की बघतो का, खोटा खोटा फोन कानाला लावून खेळतो का, हे पत्रात नाही. डॉक्टर हे विचारतीलच. बोट दाखवत नसेल, डोळ्याला डोळा देत नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द गमावले असतील, तर ते आपणहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका. आणि गावी कुणी जिभेला वेखंड, अक्कलकारा घासायला सांगेल, कुणी जिभेखालची शीर कापून आणायला सांगेल. शीर आखूड असली तर एखाद-दुसरा उच्चार अडेल. त्यामुळं मूल शब्द जोडायचं राहत नाही.

आता मराठीचं. बंद करू नका. मालकांची काळजी मला कळते. पोरगं तिकडं शिकणार, तिकडंच धंदा करणार, मग मराठीचा अट्टहास कशाला? पण मूल भाषा शिकतं ती त्याच्याशी भरभरून बोलणाऱ्या माणसाकडून. तुम्ही कोणत्या भाषेत रागावता, लाडात येता, खोटं रडून दाखवता? त्या भाषेत तुमच्या तोंडून दिवसाला हजारो शब्द बाहेर पडतील. इंग्रजीत पडतील ‘कम हिअर’, ‘सिट डाऊन’, ‘ईट फास्ट’. मॅडमच्या सल्ल्यानं त्याला चांगली इंग्रजी मिळणार नाहीच, वर आहे ती आईही अर्धी मुकी होईल. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की पहिल्या भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेच्या कामी येते. ‘वर-खाली’, ‘आधी-नंतर’, ‘का’ आणि ‘म्हणून’ हे एकदा मराठीत डोक्यात बसलं की तमिळमध्ये नुसते शब्द बदलायचे राहतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही जमेल तिथं निदान पाचवीपर्यंत घरची भाषा शिकवण्याचं माध्यम ठेवा असं म्हटलंय. कोईमतूरात मराठी शाळा मिळणार नाही, पण घर तर आहे.

तमिळही तोडू नका. शेजारची पाटी, म्हणजे तमिळ आजी, त्याच्याशी बोलत असेल तर बोलू द्या, तिच्या नातवंडांत खेळू द्या. तमिळनाडूत २००६ च्या कायद्यानं शाळांत पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं तमिळ विषय सक्तीचा झालाय, त्यामुळं ती त्याला लागणारच.

घरी काय करायचं? ‘पाणी म्हण, म्हण ना पाणी, म्हटल्याशिवाय देणार नाही’, हे आजपासून थांबवा. तहानलेल्या पोराची परीक्षा घेऊ नये. तो तण्णी म्हणाला की ‘पाणी पाहिजे? हे घे पाणी, गार पाणी’ म्हणायचं आणि द्यायचं. त्यानं वापरलेल्या एका शब्दाला आपण एक-दोन शब्द जोडून परत द्यायचे. तो म्हणाला गाडी, तुम्ही म्हणा लाल गाडी, गाडी गेली. जे तो बघतोय त्याबद्दल बोला, तुम्हाला जे शिकवायचंय त्याबद्दल नको. ‘दूध का केळं?’ असं विचारून गप्प राहा, मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजा. आपल्या बायकांना हीच गोष्ट सगळ्यात जड जाते, त्यानं तोंड उघडायच्या आत आपण केळं सोलून हातात ठेवलेलं असतं.

दुकानातल्या पोरांचाही स्वयंपाक तुमच्याच अंगावर असेल, आणि तेवढा वेळ मोबाईल त्याच्या हातात जात असेल, हा माझा अंदाज. पत्रात मोबाईलचा म नाही, म्हणून विचारते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी झाला तर उत्तम, असं सांगितलंय. मोबाईल बोलतो, पण उत्तराची वाट बघत नाही. त्याला ओट्याजवळ बसवा, मटार सोलायला द्या, कांदे मोजायला द्या, पिठाचा गोळा द्या, आणि तुम्ही करताय ते बोलत राहा. स्वयंपाकाला दहा मिनिटं जास्त लागतील. गावाकडून आलेली कामाची पोरं संध्याकाळी मोकळी असतात, त्यांच्यातला एखादा बोलका असेल त्याला म्हणावं, याला खांद्यावर घेऊन चक्कर मारून आण, मराठीत बडबड कर. मालकांनीही रात्री अर्धा तास फोन बाजूला ठेवून त्याच्याबरोबर जमिनीवर बसावं. बाप दमलेला असतो, ठाऊक आहे.

आणि ठेवून जायचं का? माझं उत्तर नाही असं आहे. गलाईच्या घरांत पोरं आजी-आजोबांकडं ठेवायची जुनी रीत आहे, आणि दहा वर्षांचं बोलतं पोर तसं ठेवलं तर ते निभावतंही. हे पोर तीन वर्षांचं आहे, त्याला काय होतंय ते सांगता येत नाही, आणि त्याचे तीस शब्द ज्या माणसाला कळतात ती एकटी तुम्ही आहात. वर्षभरानं तो परत येईल तेव्हा तमिळ पुसलेलं असेल आणि शाळा समोर उभी असेल. शिवाय उपचार लागलेच तर ते आईबापांच्या हातूनच होतात. तज्ज्ञ आठवड्यातून तास-दोन तास भेटतो.

सासूबाईंना नाही म्हणताना त्यांच्या हातात काम द्या, तेवढ्यानं निम्मी नाराजी जाते. त्यांना म्हणावं, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करा, पण ‘आजीला हाय कर, बोल की रे’ असा लकडा लावू नका. शेळी दाखवा, कोंबडीची पिल्लं दाखवा, ताक घुसळताना दाखवा, आणि तो ज्याकडं बघेल त्याचं नाव घ्या. समोरचं माणूस थांबून ऐकतं, म्हणून असा कॉल कार्टूनपेक्षा निराळा. आणि वेंडा म्हटल्यावर ‘मद्राशी झालंय पोर’ म्हणून हसणं चाललं असेल, तर ते मात्र थांबायला हवं. त्याला त्यातलं कळतं. सासूबाईंनीच त्याचे पाच तमिळ शब्द शिकून घेतले तर त्याला केवढी गंमत वाटेल.

कोईमतूरला गेल्यावर वाचा उपचारतज्ज्ञ शोधताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे ना, ते विचारा. तिथला तज्ज्ञ तमिळमध्ये किंवा इंग्रजीत उपचार करेल, काही बिघडत नाही. प्रत्येक वेळी आज काय करून घेतलं ते समजून घ्या आणि तेच घरी मराठीत करा. ‘एकच भाषा ठेवा’ असं तिथंही कुणी सांगितलं, तर कशासाठी, असं विचारायला लाजू नका. तिथं समाधान झालं नाही तर म्हैसूर फार लांब नाही. तिथली अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था १९६५ पासून याच कामासाठी आहे, आणि दक्षिणेतल्या भाषा बोलणारी पोरं तिथं रोजचीच.

तपासणीचे कागद मिळाले की त्यांच्या प्रती मला पाठवा. सोबत आणखी एक यादी करा: त्याला बोलता न येणारे, पण कळणारे शब्द, मराठीतले वेगळे आणि तमिळमधले वेगळे. तमिळची यादी मालकांकडून करून घ्या.